खारूनच्या काठचं गाणं

मिलिंद भैयांवर लिहिणारा मी कोण, हा प्रश्न मला हे लिहितानाही पडला आहे. त्यांच्यासोबत वाजवणारे लोक आहेत, नागपूर-पुण्यात त्यांना ऐकलेले जाणकार आहेत. मला सुरातलं काही कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मराठीत एवढं लांब लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा कुठे चुकलं तर वाचकांनी माफ करावं. पण त्यांना जाऊन दीड महिना होत आला, आणि त्यांच्याबद्दल कुठे चार ओळीही छापून आल्या नाहीत... म्हणून धीर करतो आहे.

शेवटचे भेटले ते एका रविवारी, रायपूरच्या भनपुरीत त्यांच्या घराच्या दारात. त्यांच्या गाण्यांचा अल्बम पूर्ण झाला होता. तो इंटरनेटवर टाकायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं, आणि सगळं त्यांच्या आईच्या, म्हणजे आमच्या काकींच्या, एका होकारासाठी अडलं होतं. मी विचारलं, "काकी मान गयी क्या, भैया?" त्यांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाही म्हणते. म्हणू दे. आवाज तिचा आहे, आपण वाट पाहू." मग नेहमीसारखं चिडवलं, "अन् तू काहून हिंदीत विचारून राहिला? मराठी बोललं की दात दुखतात का तुझे?" त्याच आठवड्यात, पंडरीतल्या ज्या कापडाच्या दुकानात ते दिवसा नोकरी करत, तिथे बसल्या बसल्या त्यांच्या छातीत दुखू लागलं. दवाखान्यापर्यंत ते पोचलेच नाहीत. चाळिशीही ओलांडली नव्हती.

त्यांचे वडील रेल्वेत होते, वर्ध्याकडून बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. भैया कॉलेज सोडून गिटार शिकले. तेलीबांध्याच्या एका हॉटेलात बरीच वर्षं त्यांनी फर्माइशीची हिंदी गाणी म्हटली. एकदा मध्येच स्वतःचं मराठी गाणं सुरू केलं, तर मॅनेजर कानाशी येऊन म्हणाला, "भैया, लोग खाना खा रहे हैं, समझ में आए ऐसा कुछ गाओ." त्यानंतर त्यांनी ते हॉटेल सोडलं. मग जिथे कोणी बोलावेल तिथे, रेल्वेनं, गिटार मांडीवर घेऊन जाऊ लागले. पुण्यात लोक त्यांची मराठी ऐकून हसायचे, रायपुरात लोक विचारायचे महाराष्ट्रातून कधी आलात. ते सांगायचे, "मी दोन्हीकडचा पाहुणा. जेवण दोन्हीकडे मिळते, पलंग कुठंच नाही." मला तेव्हा हसू आलं होतं.

हा अल्बम त्यांनी घरीच केला, दोन उन्हाळ्यांत. रविवारची दुपारच तेवढी मिळायची. त्या वेळी भनपुरीतले ट्रकवाले गाडीखाली चादर टाकून झोपतात आणि हॉर्न थांबतात. खिडक्यांना गोधड्या लावायच्या, दार लावायचं, आणि कूलर बंद करायचा, कारण त्याची घरघर माइकमध्ये यायची. रायपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. गिटारच्या तारांवरून बोटं घसरायची. काकी ओरडायच्या, "अरे, गाणं गाऊन राहिला का मले उकडून राहिला?" त्या अल्बममध्ये गिटार मोठ्या आवाजात कुठेच नाही. कानाजवळ बसून कोणी बोलावं तसा त्यांचा आवाज येतो, मध्येच श्वासही ऐकू येतो.

त्यातलं एक गाणं त्यांचं नव्हतं. काकींच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, आणि भैयांची बाकीची सगळी गाणी त्यातूनच निघाली होती असं ते म्हणत. पण माइक समोर ठेवला की काकी गप्प. "हात रिकामे असले तर गाणं येत नाही बाबा." घरात जातं नव्हतं. शेवटी भैयांनी सूप आणि तांदूळ त्यांच्या पुढ्यात ठेवले. काकी पाखडू लागल्या आणि तांदळाच्या त्या तालावर ओवी आपोआप आली. लेक नांदायला निघाली आहे आणि तिची आई नदीच्या काठावर उभी आहे...

भैयांनी ते रेकॉर्डिंग त्यांना ऐकवलं तेव्हा मी तिथे होतो. काकींनी आपला आवाज असा पहिल्यांदाच ऐकला. आधी लाजल्या, मग त्यांचा चेहरा पडला. "हे काय म्हटलं मी? खारून?" मूळ ओवीत वर्धा नदी होती. काकींच्या तोंडी रायपूरची खारून आली होती, आणि असं किती वर्षांपासून होत होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी पुन्हा सूप घेतलं. पुन्हा खारूनच आली. हात थांबवून म्हटलं की वर्धा नीट यायची, पण मग ओवीच अडखळायची. भैया हसू लागले. "आई, राहू दे ना. हेच तर आपलं गाणं आहे."

"तुले हसू येते," काकी म्हणाल्या. "माझी मोठी बहीण ऐकन तर काय म्हणन? रायपूरले गेली अन् माहेरची नदी विसरली! बंद कर ते तुझं मशीन."

त्यानंतर मित्रांनी पुष्कळ सांगितलं, इंटरनेटवर टाकून दे, काकींना कुठे कळतं. भैयांनी ऐकलं नाही. ते एक गाणं वगळून बाकीची टाका, हेही त्यांना नको होतं. म्हणाले, मग तो अल्बम नाही, नुसती गाणी आहेत. ते गेल्यावर ती फाइल माझ्याकडेच राहिली. मी ती उघडलीही नाही. ज्या घरातून माणूस गेला, तिथे जाऊन गाण्याचं काय करायचं असं कसं विचारणार?

काल ज्योतीदीदीचा, भैयांच्या बहिणीचा फोन आला. वर्ध्याहून मोठी मावशी भेटायला आली होती. आईनं स्वतःच भैयांचा मोबाइल मागून तिला ते गाणं ऐकवलं म्हणे, आणि पदर तोंडाला लावून बसून राहिली. मावशीनं पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "हे खारून कुठं हाय वं? मले दाखव."

"दोघी ई-रिक्शा करके नदीवर गेल्या," दीदी सांगत होती. "मले येऊ नाही दिलं. संध्याकाळी आल्या, दोघींचे पाय चिखलानं भरलेले. आई दारातूनच बोलली, त्या पोट्ट्याले फोन लाव. गाणं येऊ दे म्हणा. त्यातल्या नदीले हात लावू नको म्हणा."