कूलरच्या पत्र्याचा रोबोट आणि आत मी

मंडळी, आज अर्धा तास मी स्वतःच बनवलेल्या रोबोटच्या डोक्यात अडकलो होतो. आधी हसून घ्या.

जुन्या कूलरच्या पत्र्याचं ते डोकं बनवायला मला तीन महिने लागले. दुपारी पिंप्राळ्यातल्या घरी घालून बघितलं, मानेजवळचा स्क्रू आवळला आणि त्याचे आटेच गेले. डोकं निघेना. आत नुसती भट्टी! डोळ्यांत घाम, कानात स्वतःचाच श्वास.

घरात फक्त वडील. नानांनी जन्मभर कूलर बनवले. माझे रोबोट म्हणजे त्यांच्या लेखी पोरखेळ, म्हणून हे काम मी त्यांच्यापासून लपवलं होतं. शेवटी त्यांनाच हाक मारावी लागली.

नाना पत्र्याची कात्री घेऊन आले. त्यांची बोटं पत्र्यावर फिरताना मला आत ऐकू येत होती.

"नाना, कापा ना लवकर!"

"थांब. सांधा चांगला मारेल शे. पन कूलरले बी खिडकी उघडी लागस, हाई तू इसरी गया का?"

सांधा त्यांना पसंत होता, पण डोक्याला हवेची वाट ठेवायला मी विसरलो होतो. मग कात्री बाजूला ठेवून त्यांनी ड्रिलने तेवढा एक स्क्रू काढला. पत्र्यावर ओरखडासुद्धा नाही.

खरं सांगा, असं अडकल्याशिवाय तुमच्यापैकी कोणी वडिलांना आपलं काम दाखवलंय?