मामंजी क्षिप्रेच्या पुलावर अडले तेव्हा

आज पहाटे मामंजी गेले, आणि रडू यायच्या आधी मला भीती वाटली.

लॉकडाऊनमधल्या त्या एका सकाळी वाटली होती, अगदी तशीच.

मामंजी म्हणजे माझे सासरे. माझं माहेर कारखान्याच्या क्वार्टर्समधलं, आमच्याकडे सासऱ्यांना सरळ बाबा म्हणतात. लग्न होऊन देवासला आले तर इथे मामंजी! पहिलं वर्षभर मला हाक मारताना हसूच यायचं.

देवास संस्थानाच्या दरबाराच्या काळापासून या घरात शिवणकाम. मामंजींचं बाजारात टेलरिंगचं दुकान होतं. लॉकडाऊनमध्ये शटर खाली आलं आणि त्यांचे पाय घरात ठरेनात.

त्यांनी माळ्यावरून मिलिंदची कॉलेजातली सायकल काढली. मिलिंद म्हणजे माझा नवरा. तो इंदूरच्याही पलीकडे, पीथमपुरला औषधांच्या फॅक्टरीत. फॅक्टरी चालू, शिफ्टच्या बसेस बंद, म्हणून तिकडेच एका खोलीत अडकलेला.

मामंजी रोज उजाडताना निघायचे. हँडलला दुधाची बरणी. दूध तर आमच्या दारात येत होतं, पण दूध आणायला निघालेल्याला पोलीस अडवत नसत ना!

"येतो," म्हणायचे.

कुठे, ते कोणी विचारायचं नाही. निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणू नये, हा सासूबाईंचा कायदा. मी एकदा तोंड उघडलं तर त्यांनी असे डोळे वटारले की मी चहा गाळायला पळाले.

मग एक दिवस मामंजी आलेच नाहीत.

ऊन चढलं. पोहे गार झाले. त्यांचा फोन घरातच, चार्जिंगला लावलेला.

सासूबाई देवापाशी बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "कोणत्या बाजूला गेले असतील गं?"

कोणालाच माहीत नव्हतं. रोज जाणारा माणूस आणि आम्हाला त्याचा रस्ता ठाऊक नाही!

स्कूटर दिसली की पोलीस अडवायचे, म्हणून शेजारच्या मुलीची लेडीज सायकल घेतली आणि निघाले. शाळेनंतर मी सायकलला हात लावला नव्हता. चौकातल्या भाजीवाल्याला विचारलं.

"टेलर बाबूजी? वो तो रोज इंदौर रोड जाते हैं, भाभी."

इंदूर रोड. एरवी ट्रक अंगावर येतात म्हणून मी तिथे स्कूटरसुद्धा नेत नाही. त्या दिवशी सगळा रस्ता माझा.

लोक तेव्हा मोकळ्या रस्त्यांचे फोटो टाकत होते. किती पीसफुल वगैरे.

मला नाही वाटलं पीसफुल. माझ्याच चेनचा आवाज मला ऐकू येत होता. बंद ढाब्यांसमोरची उपाशी कुत्री मला बघून उठून उभी राहत होती. एक ॲम्ब्युलन्स गेली, सायरन न वाजवता. वाजवणार कोणासाठी?

प्रत्येक झाडाखाली मला मामंजी पडलेले दिसत होते. माझ्या तोंडात देवाचं नाव, तेही अर्धवट.

क्षिप्रेच्या पुलाशी बॅरिकेड होतं. तिथे सापडले. धडधाकट उभे, आणि एका हवालदाराशी वाद घालत होते.

"भिया, छोरा है मेरा वहाँ. जाने दो."

"बाबूजी, आगे इंदौर जिला है. ऑर्डर नहीं है."

मला असा राग आला! "मामंजी, हे काय? घरी आमचा जीव टांगणीला लागलाय!"

हवालदाराने बरणीचं झाकण उघडून माझ्यापुढे धरलं. "देखो भाभी, दूध बता रहे थे."

आत थर्मामीटर. पॅरासिटामॉलच्या गोळ्या. घरी शिवलेले मास्क.

"हे कोणासाठी?"

मामंजींनी बरणीचं झाकण पुन्हा लावलं.

"मामंजी, कोणासाठी?"

"मिलिंदला ताप आहे. आठवडा होत आला. तुला सांगू नका म्हणाला, ती घाबरते. काल फोनवर त्याला बोलतानाही धाप लागत होती."

मला तर तो 'डबल ड्यूटी आहे, मेसेज कर' सांगत होता.

माझ्या हातून सायकल पडली.

मामंजी म्हणाले, "त्याला ताप आल्यापासून रोज थोडं पुढे येऊन बघत होतो. पीथमपुरपर्यंत जायचं तर पायांना सवय पाहिजे ना."

या वयात!

मी त्यांना घरी न्यायला आले होते. आता मीच हवालदारापुढे हात जोडत होते, "भैया, हम दोनों को जाने दो." नाहीच सोडलं. पण माणूस बरा होता. पीथमपुरकडे जाणारा औषधांच्या मालाचा एक ट्रक त्याने थांबवला, मिलिंदचा पत्ता सांगायला लावला आणि बरणी ड्रायव्हरच्या हातात दिली.

आम्ही वळलो.

आमच्याकडे सून सासऱ्यांच्या बरोबरीने चालत नाही. मी सवयीने मागे राहिले, तर मामंजींनी ब्रेक मारला.

"मागे नको राहू. बाजूला ये."

भर हायवेवर आम्ही दोघं शेजारी शेजारी.

मग म्हणाले, "सूनबाई, मला फार भीती वाटतेय गं."

मी म्हणाले, "मला पण, मामंजी."

एवढंच. 'सगळं ठीक होईल' असं ते म्हणाले नाहीत, मीही म्हटलं नाही. पण त्यानंतर माझ्या पायांना पॅडल मारता यायला लागलं.

बरणी पोचली. पुढे मिलिंदचा ताप उतरला. आत्ता तो दारात उभा राहून येणाऱ्यांना नमस्कार करतोय.

घर माणसांनी भरलंय. सगळे मला धीर देतायत. "वय झालं होतं, सोनं झालं त्यांचं. घाबरू नकोस." चांगली माणसं आहेत, मनापासून म्हणतायत.

घाबरू नकोस म्हणणारे पुष्कळ आहेत, मामंजी.

मला पण भीती वाटते असं म्हणणारे या घरात तुम्ही एकटेच होतात.

शेवटचा नमस्कार करते. सावकाश जा.

तुमची सूनबाई