बाणातला ण

भाना बोलता बोलता गायला लागायचा. वाक्याची सुरुवात साध्या बोलण्यानं व्हायची आणि निम्म्यात कुठेतरी त्याला सूर सापडायचा. "वहिनी, आज दूध कमी," इथवर तो माणसासारखा बोलायचा आणि पुढचं "का हो" पार वरच्या पट्टीत जायचं. त्याचं त्याला ते कळतही नसे. कुणी हसलं तर म्हणायचा, "बोलून दम लागतो मला, गाऊन न्हाई लागत."

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, नगरपासून तासाभरावर. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं. मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवायचे. भाना, म्हणजे भानुदास, छोटा टेम्पो घेऊन वस्त्यांवरून दूध गोळा करायचा आणि डेअरीवर पोचवायचा. चाळिशीला टेकलेला, बायको मंदा, शाळेत जाणारी एक मुलगी. गाणं तो कुणाकडे शिकला नव्हता. वडील भजनात पेटी वाजवायचे, त्यांच्या शेजारी बसून कानावर पडलं तेवढंच. बाकीचं मोबाईलवर. टेम्पोत पुढच्या काचेशी फोन ठेवून तो जुनी नाट्यपदं ऐकायचा आणि त्यातली न समजलेली अक्षरंसुद्धा जशीच्या तशी घोळवायचा. आवाज तसा जाडाभरडा. पण वर जाताना तो असा मोकळा व्हायचा की ओट्यावर शेंगा फोडणाऱ्या बायांचे हात थांबायचे.

"एकदा तरी पडद्यामागून पुढं यायचंय बाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी म्हणायचे, "मग ये ना, कुणी अडवलंय?" तो म्हणायचा, "पडदा कुठंय?"

तो पडदा नगरला सापडला. तिथल्या एका हौशी संस्थेनं नवं संगीत नाटक बसवायला घेतलं होतं. दरबार सोडून निघून गेलेल्या एका राजगायकाची गोष्ट होती आणि त्या मुख्य भूमिकेसाठी गाणारा नट हवा होता. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ते निवेदन पाठवलं. भानानं मेहुण्याला टेम्पोवर बसवलं, लग्नातला सदरा घातला आणि तो ऑडिशनला गेला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, मला बानातला न शिकवा."

झालं होतं असं. आधी त्यानं पद म्हटलं. ते संपल्यावर दिग्दर्शकांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि आणखी एक म्हणायला लावलं. मग त्याच्या हातात संवादाचा कागद दिला. 'त्या क्षणी माझे प्राण कंठाशी आले, महाराज,' असं काहीतरी वाक्य होतं. भानानं वाचलं, "त्या क्षनी माजे प्रान..." मागच्या खुर्च्यांवर बसलेली कॉलेजची पोरं हसली. दिग्दर्शकांनी त्यांना गप्प केलं. माणूस वाईट नव्हता. "गळा तुम्हाला देवानं दिलाय," ते म्हणाले, "जिभेचं मात्र तुम्हालाच बघावं लागेल. भूमिका अजून कुणाला दिलेली नाही. दिवाळीनंतर पुन्हा या."

"म्हंजी गानं पास, बोलनं नापास," भाना मला म्हणाला. तो हसला, पण ते हसू तोंडावर टिकलं नाही.

मग रोज डेअरीवर दूध घालून झालं की तो यायचा. मी त्याला ओट्यावर बसवायचे. जिभेचं टोक मागे वळवायचं, टाळूला टेकवायचं आणि सोडायचं. बाणातला ण. पाणी, लोणी, आणि, म्हणून, कोणी. पहिले काही दिवस घामाघूम व्हायचा. "गाईला व्याताना एवढं कष्ट पडत न्हाईत," म्हणायचा. पण हट्टी होता. टेम्पो चालवताना तेच, कॅन उतरवताना तेच. एखादा विद्यार्थी इतका जीव लावून शिकतो तेव्हा शिकवणाऱ्याला दुसरं काही दिसत नाही. 'हाय'चं 'आहे' झालं, 'न्हाई'चं 'नाही' झालं, आणि एके दिवशी त्यानं "बाई, प्यायला पाणी द्या," असं इतकं स्वच्छ म्हटलं की मी तांब्या त्याच्या हातात देताना शाबासकी दिली.

गावाला मात्र ते स्वच्छ वाटलं नाही. मंदा मला सांगायची, "जेवताना 'लोनी' न्हाई, 'लोणी' मागत्यात. पोरगी हसून लोळती." वस्तीवरची एक म्हातारी, जी त्याला लहानपणापासून ओळखत होती, ती म्हणाली, "भाना, परक्यावानी बोलाया लागला रं. आमचं दूध चालतंय ना अजून?" तिनं गमतीनंच म्हटलं. पण डेअरीवर त्याला 'साहेब' म्हणायला लागले, आणि त्यात गंमत कमी होती. तो बोलणं कमी करू लागला. बोललाच तर आधी क्षणभर थांबायचा, जणू ओढा ओलांडण्याआधी दगड चाचपतोय.

गुरुवारच्या भजनात पहिल्यांदा ते मला ऐकू आलं. भानानं अभंग उचलला. शब्द सगळे जागच्या जागी, एकही अक्षर घसरलं नाही. मृदंगावर बसलेल्या म्हातारबांनी हात थांबवला आणि विचारलं, "घशात काय अडकलंय का रं आज?" भाना म्हणाला, "नाही, काही नाही." आणि पुन्हा तसंच गायला. वर जाताना जो आवाज मोकळा व्हायचा तो आता पायऱ्या मोजत चढत होता.

दिवाळीनंतर मी त्याच्याबरोबर नगरला गेले. एका शाळेच्या सभागृहात निवड होती. तीच पोरं, तेच दिग्दर्शक. भानानं संवादाचा कागद हातात घेतला आणि वाचला. क्षण, प्राण, करुणा, सगळं लखलखीत. पोरं गप्प बसून ऐकत होती. मग दिग्दर्शक म्हणाले, "आता पद."

तो गायला. चुकला नाही. चुकला असता तर बरं झालं असतं. पद संपल्यावर दिग्दर्शकांनी चष्मा काढला नाही की आणखी एक म्हणायला लावलं नाही. दिग्दर्शकांनी त्याला जवळ बोलावलं. "उच्चार उत्तम झालेत," ते हळू आवाजात म्हणाले, "पण मागच्या वेळी तुम्ही गायलात ना, मी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं. ते कुठं गेलं?"

भाना म्हणाला, "मला माहीत नाही."

राजगायकाची भूमिका एका बँकेत नोकरी करणाऱ्या तरुणाला मिळाली. पण भानाला रिकाम्या हातानं पाठवू नये असं दिग्दर्शकांना मनापासून वाटलं. नाटकात एक खेडूत गडी होता. छोटं काम, गाणं नाही, पण प्रेक्षक हसणार याची खात्री. "कागद नको," ते म्हणाले. "मालकाला सांगायचंय की विहिरीचं पाणी आटलं. तुमच्या गावाकडे सांगतील तसं सांगा."

भाना पुढे झाला. "मालक, विहिरीचं पाणी आटलं."

"अहो, ते जरा गावाकडचं करा की."

"मालक, हिरीचं..." तो थांबला. पुन्हा सुरुवात केली. "मालक, हिरीचं पाणी..." पुन्हा ण आला. तो जीभ तोंडात फिरवत राहिला, हरवलेलं काही शोधावं तशी. मागे कुणी हसलं नाही. तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग हात जोडून तो स्टेजवरून उतरला आणि मला म्हणाला, "चला बाई, एसटी मिळेल."

त्यानंतर तो भजनाला गेला नाही. सप्ताहात लोकांनी निरोपावर निरोप धाडले, तरी नाही. एका दुपारी मंदा माझ्याकडे आली, उंबऱ्यातच बसली. "घरात मुक्यावानी बसत्यात," ती म्हणाली. "बाई, तुमी शिकिवलं ना त्यान्ला? मग आता इसरायलाबी शिकवा." इतकी वर्षं मुलांचं बोलणं दुरुस्त करून पोट भरलं, उलटं कसं करायचं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मी त्याच्या घरी गेले. तो कॅन घासत होता. मी म्हटलं, "भानुदास, चुकीचं म्हण, अशुद्ध म्हण, पण एकदा म्हण." त्यानं कॅन उपडा ठेवला, हात पुसले. "सूर लावायला जातो बाई," तो म्हणाला, "आणि आधी जीभ कुठं ठेवायची तेच आठवतं. तोवर सूर निघून जातो." त्या बोलण्यात कुठे तक्रार नव्हती. दुखणं डॉक्टरला सांगावं तसं त्यानं सांगितलं. पुढे काही महिन्यांनी त्यानं टेम्पो मेहुण्याला दिला आणि रांजणगावच्या एका कारखान्यात ड्रायव्हर म्हणून लागला. मंदा आणि मुलगीही तिकडेच गेल्या.

मागच्या उन्हाळ्यात नगरच्या स्टँडवर मला तो दिसला. आता मी निवृत्त झालेय. केस पिकलेत त्याचे. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, बरोबर त्याच कारखान्यातला एक जण. भाना वाकून पाया पडला. "कशा आहात बाई? तब्येत ठीक ना?" सगळं शुद्ध, सगळं सपाट. एकही शब्द कुठे उचलला जात नव्हता.

सोबतचा माणूस कौतुकानं म्हणाला, "आमच्या भानुदासरावांची भाषा लई सोज्ज्वळ हाय. सायबांचे पाव्हने आनायला ह्यान्लाच धाडत्यात. खेड्यातले वाटत न्हाईत."

मला राहवलं नाही. "आणि गाणं?" मी विचारलं.

भाना रस्त्याकडे पाहत राहिला. त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"गानं?" तो माणूस म्हणाला. "हे गात्यात व्हय?"