देवळासमोरची पाणपोई

बी. ए. होऊन मी ठाण्याच्या एका कचेरीत कारकून झालो आणि कल्याणात खोली घेतली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कल्याणच्या आमच्या छोट्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेबांनी तरुण संघाची चिटणिशी माझ्याच गळ्यात घातली. त्या वर्षी आम्ही नाताळात टाळ-पेटी घेऊन घरोघर गायलो, इस्पितळात रोग्यांची पत्रं लिहून दिली, दर शनिवारी मुलांना शिकवलं. पण हे सगळं आपल्याच माणसांत, नाहीतर अडलेल्यांत. रस्त्यावरचा सुखवस्तू माणूस आपल्या हातचं काही घेईल का, हे मला पाहायचं होतं. म्हणून उन्हाळ्यात देवळासमोर, बाजाराच्या वाटेवर, पाणपोई घालायचं मी सुचवलं.

चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी मान हलवली. "घाला. पण कुणी फिरकलं नाही तर रविवारी माठ उचलायचे. देवळाचं हसं नको."

आम्ही देवळाच्या आडाचं पाणी गाळून माठ भरले, वाळा टाकला, वर ताडपत्री बांधली. फळ्यावर ठळक अक्षरांत 'ख्रिस्ती तरुण संघाची पाणपोई' असं लिहिलं. माठाशेजारी साखळीला एक पितळी पेला लटकवला, घासून लखलखीत केलेला.

लोक थांबत, फळा वाचत, पेल्याकडे बघत आणि पुढे जात. शुक्रवारपर्यंत दोन पोरं आणि एक भिकारी, एवढेच प्याले.

आमच्या संघात नर्सिंग शिकणारी एक मुलगी होती, फार फटकळ. ती म्हणाली, "दादा, फळा पुसून टाका. नाहीतर रविवारी हे सगळं पाणी आपल्यालाच प्यावं लागेल."

"नाव लपवून पाजायचं असेल तर नकोच," मी म्हणालो.

त्याच शुक्रवारी नगरकडच्या आमच्या गावाहून आई आली होती. ती सावलीत बसून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अरं, पेला एकच? उष्टा पेला कोन तोंडाला लावंल?"

प्रभुभोजनाला, म्हणजे देवळातल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, आम्ही सगळे एकाच प्याल्यातून पीत आलेलो. उष्टं ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती!

"ओंजळीत ओता की," आई म्हणाली.

"आई, ते मला जमणार नाही."

का, ते तिला सांगायला नको होतं. माझे वडील गावच्या विहिरीपासून लांब, ओंजळ धरून उभे राहायचे. कुणाला दया आली की तो हात उंच धरून वरून पाणी सोडायचा. निम्मं पोटात जायचं, निम्म्याने सदरा भिजायचा. तसं पाणी मी कुणाला घालणार नव्हतो.

आई उठली. तिने पेला सोडवून बाजूला ठेवला, लांब दांड्याचं ओगराळं हातात घेतलं आणि माठाशी उभी राहिली. "तवा पाजनारे हात वर न्यायचे," ती म्हणाली. "मी खाली आनते."

शनिवारी सकाळी एक टांगेवाला थांबला. फळा वाचून त्याने विचारलं, "मावशी, पाणी कुणाचं?"

"देवळाच्या आडाचं. आन आमी ख्रिस्ती. पितूस का जातूस पुढं?"

"जातो कुठला! घोडंच हलंना झालंय. त्यालाबी मिळंल का?"

"आदी तू पी. घोड्याला बादली हाय."

त्याने ओंजळ धरली. आईने ओगराळं अगदी त्याच्या बोटांपाशी आणलं आणि बारीक धार सोडली. एक थेंब सांडला नाही. त्याने ओल्या हाताने तोंड पुसलं आणि मागच्या टांगेवाल्याला हाक मारली, "ये रे, गार हाय!" त्याच्यामागून भाजीवाल्या आल्या, शाळेचे एक मास्तर आले. काहीजण फळा वाचून पुढे गेले. ते शेवटपर्यंत तसेच जात राहिले, पण आता मला त्याचं एवढं वाटेना.

रविवारी उपासना सुटल्यावर पंच बाहेर आले, तर माठापुढे रांग होती. ते बघत उभे होते तेवढ्यात आई रांगेच्या पलीकडून ओरडली, "पाळकसाहेब, माठ बुडाशी आला! आनखी दोन घागरी आना!"

"आणतो, आई," म्हणून पाळकसाहेबांनी अंगातला झगा काढून एका पंचाच्या हातात दिला आणि ते आडाकडे गेले. माठ उचलायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

पाऊस लागेपर्यंत पाणपोई चालली. नव्या पोरांना ओगराळं द्यायच्या आधी मी एकच गोष्ट शिकवायचो: हात खाली आणायचा, समोरच्याचा सदरा भिजता कामा नये. पदवीदानाच्या दिवशी अंगावर काळा झगा चढवला होता, तेव्हाही मान एवढी ताठ झाली नव्हती.