खाजण पडीक नसतं

"पान सांगतो," असं म्हणून काका उभे राहायचे. हात वर करायचे नाहीत. पुस्तकच वर धरायचे, आत बोट घालून. ते बोट कुठल्या पानात आहे याची लेखकाला धास्ती वाटायची आणि लेखकापेक्षा जास्त मला.

लेखकांशी गप्पांच्या कार्यक्रमांना तुम्ही जात असाल, तर तिथले प्रश्न तुम्हालाही पाठ असतील. एक गृहस्थ प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचं भाषण उरकून घेतात. एक जण 'तरुण पिढीला काय संदेश द्याल' विचारतो. एक बाई पुस्तक कुठे मिळेल विचारतात, आणि ते दाराशीच टेबलावर मांडलेलं असतं. ठाण्यातल्या एका वाचनालयात मी बरीच वर्षं या गप्पा मारते आहे. त्यांचं रेकॉर्डिंग करून इंटरनेटवर टाकायचं कामही माझंच. कथा-कवितावाले आमच्याकडे येत नाहीत. येतात ते धंदा कसा वाढवावा आणि पृथ्वी कशी वाचवावी हे सांगणारे, पुष्कळदा एकाच पुस्तकात. मी डोंबिवलीहून जाते, त्यांना गोड गोड प्रश्न विचारते, शेवटी रोपाची कुंडी भेट देते. ती ते गाडीत बसताना हमखास विसरतात.

पान सांगणारे ते काका ठाण्यातल्याच कोलशेतचे. खाडीकाठचं जुनं कोळ्यांचं घर. वडील होडी घेऊन जायचे, हे मात्र जवळच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आमच्या सगळ्या श्रोत्यांत पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून येणारे हे एकटेच. माझ्यासकट सांगते आहे. मी प्रस्तावना, शेवटचं प्रकरण आणि मधली थोडी पानं वाचून खुर्चीत बसायची, आणि कुणाला कळायचंही नाही. काकांना कळायचं, पण त्यांनी कधी तसं दाखवलं नाही.

एकदा एक व्यवस्थापनतज्ज्ञ आले होते. कामगारांना आपलंसं कसं करावं यावर तासभर बोलले. काका उभे राहिले. "पान सांगतो. एकसष्ट. इथं तुम्ही लिहिलंय, कामगारांना विश्वासात घेतलं. पान नव्वद. कारखाना बंद झाला. मधल्या पानांत त्यांना सांगितलं कधी, ते मला सापडलं नाय."

"फार चांगला प्रश्न आहे," तज्ज्ञ म्हणाले. उत्तर नसलं की लेखक असंच म्हणतात, हे एव्हाना मला ठाऊक झालंय. मग त्यांनी जपानविषयी काहीतरी सांगितलं.

चहाच्या वेळी काका माझ्याजवळ आले. "बाई, हे शाश्वत शाश्वत म्हणतात, म्हणजे टिकणारं ना?"

"हो. पुढच्या पिढ्यांनाही पुरेल असं." माझी व्याख्या तोंडपाठ होती.

"हां. पण कोण टिकणार ते कुठंच लिहीत नाय." बशीत चहा ओतून ते शांतपणे प्यायला लागले. मी हसले. तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

मग ते पुस्तक आलं. लेखक मोठं नाव, भाषा लोण्यासारखी. उद्योगांनी निसर्ग कसा जपला याच्या गोष्टी. त्यातलं एक प्रकरण कोलशेतच्या खाडीकाठावर होतं. एका बांधकाम कंपनीने आपल्या इमारतींच्या मागे पाणथळ उद्यान केलंय, लाकडी पूल, बसायला बाक, पक्ष्यांच्या नावांच्या पाट्या. मी ते प्रकरण वाचून खूश झाले होते. म्हटलं, चला, आपल्या ठाण्याचं काहीतरी चांगलं छापून आलं.

त्या दिवशी हॉल भरला होता. काकांच्या हातात माइक दिला.

"पान सांगतो. एकशे बेचाळीस. 'ही पडीक जमीन होती. इथे काहीच नव्हते.' साहेब, ते खाजण हाय. खाजण पडीक नसतं. दिवसातून दोनदा भरतं."

भरतीचं पाणी आत शिरतं आणि ओहोटीला परत जातं, ती चिखलाची जमीन म्हणजे खाजण. हॉलमधले काही जण हसले. काका हसले नाहीत.

"माझी आय तिथल्या चिखलातनं निवट्यांची मासळी आणायची, चिंबोऱ्या आणायची. आमची होडीकडे जायची वाट तिथनंच. आता कंपनीनं गेट लावलंय. आम्ही तक्रार केली, तर सुनावणीत त्यांनी तुमचं हे पान जोडलंय. इथं काहीच नव्हतं म्हणून. तुम्ही तिथं आलेलात काय?"

लेखकांनी ते पान उघडून पाहिलं. आणि मग, त्यांचं कौतुक करायचं तर एवढंच करता येईल, खरं बोलले. "नाही. मी तिथे गेलो नाही. कंपनीने पाठवलेल्या माहितीवरून लिहिलं. तुमची वाट होती हे मला कुणी सांगितलं नाही. चुकलं माझं."

टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो! मनात म्हटलं, याचसाठी तर आपण हे सगळं करतो. काका खाली बसले आणि पुस्तक मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही हात ठेवून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेखकांचा फोन. "कार्यक्रम छानच झाला. ते फक्त त्या काकांचं… ते जरा संदर्भ सोडून फिरेल हो. तेवढं बघा ना. मी पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतोच आहे." ती आवृत्ती पुढे आली. मी ते पान लगेच काढून पाहिलं. 'इथे काहीच नव्हते'च्या जागी 'इथे फारसे काही नव्हते' असं छापलं होतं. झाली दुरुस्ती. आभाराच्या यादीत माझं नाव होतं.

आणि पुढच्या वर्षीच्या गप्पांना त्याच बांधकाम कंपनीने प्रायोजक व्हायचं कबूल केलं होतं, हेही सांगून टाकते. नाहीतर तुम्हाला वाटेल, मी नुसती भित्री आहे. मी धोरणीही आहे.

लेखकांचा फोन आला त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी रेकॉर्डिंगमधला तो तुकडा कापला. आत कुकर होत होता. तुकडा चार मिनिटांचासुद्धा नव्हता. काकांचा प्रश्न काढला, लेखकांचं उत्तर काढलं, आणि जोड दिसू नये म्हणून मध्ये टाळ्या ठेवल्या. त्या टाळ्या काकांसाठी पडल्या होत्या. आता त्या लेखकाच्या आधीच्या वाक्याला पडल्यासारख्या वाटतात, जाऊन बघा हवं तर. मग मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाकलं. लॅपटॉपवर जागा नाही, असं स्वतःला सांगितलं. जागा पुष्कळ होती.

आठवड्याने काका वाचनालयात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. "बाई, त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पायजे होतं. तुम्ही टाकलेल्यात ते दिसत नाय. सोमवारी सुनावणी हाय. साहेब स्वतःच्या तोंडानं बोललेत ना, तेवढं ऐकवलं तर पुरे."

मी काय सांगावं? खरं सांगायला चार शब्द लागले असते. मी म्हटलं, "काका, तुमच्या हातातल्या माइकचे सेल संपले होते. आवाजच आला नाही."

"अरे देवा! पण साहेबांचा माइक तर चालू होता?"

"तो सगळा भागच खराब झाला. खरखर नुसती. मलाच इतकं वाईट वाटलं…"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. तर ते उलट माझीच समजूत घालायला लागले. "तुम्ही नका मनाला लावून घेऊ. मशीनचं असंच असतं. ऐन वेळेला दगा देतं. कारखान्यात किती भोगलंय आम्ही." त्या दिवशी हॉलमध्ये हजर असलेलं कुणी येऊन सांगेल का, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते सुचलं नसेल किंवा आम्हाला त्रास नको म्हणून बोलले नसतील. मला सुचलं होतं. मी अगदी समोर बसून प्रत्येक शब्द ऐकला होता, मी उठून जाऊन सांगू शकत होते. मी त्यांना पाणी हवं का विचारलं.

सोमवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "वाट होती याचा कागद दाखवा म्हणाले. आता वाटेचा कागद कुठनं आणायचा, बाई? चालत होतो, म्हणजे वाट होती." गेट राहिलं. कोलशेतच्या होड्यांकडे जायला आता सगळी वस्ती लांबून फिरून जाते. उद्यानात रविवारी लोक पक्षी बघायला येतात.

काका गेल्याला वर्ष होत आलं. छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. त्यांचं जाणं मला त्यांच्या शेजाऱ्याकडून कळलं, तेही दहा दिवसांनी. सुनावणीनंतर ते आमच्याकडे एकदाच आले होते. तेवढंच सांगते आणि थांबते.

नव्या प्रायोजकांच्या फलकाखालचा तो पहिला कार्यक्रम. पाणी आणि उद्योग असा विषय. काका सगळ्यांच्या आधी येऊन पोचले. मी टेबलावर रेकॉर्डिंग सुरू करून ठेवत होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून सेलचं नवंकोरं पाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"हे घ्या. चांगले हायत, पुष्कळ चालतात. मागच्यासारखं नको व्हायला."

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. टोमणा असता तर किती बरं झालं असतं! नव्हता. त्यांनी स्वतःच माइकचं झाकण उघडलं, जुने सेल काढले, नवे बसवले, आणि तोंडाजवळ धरून बोलून पाहिलं. मग माइक जागेवर ठेवून ते जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही. बाकीच्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले.

घरी येऊन ऐकलं, तर एकूण एक आवाज स्वच्छ आला होता. सगळ्यात आधी काकांचा होता. "हॅलो, हॅलो. येतोय ना आवाज, बाई?" ते कार्यक्रमाच्या आधीचं होतं, म्हणून तेवढं मी कापून टाकलं.