सासूबाईंचा उलटा रिपोर्ट

माझा मुलगा दिवस पुरे भरायच्या आधीच जगात आला. सासूबाईंनी त्याला काचेच्या पेटीत पहिल्यांदा पाहिलं, "शी, किती कुरूप" म्हणाल्या आणि बाहेर बाकावर बसून हमसून हमसून रडल्या. सिस्टरला वाटलं, नातू पसंत पडला नाही.

सासूबाईंचे वडील सरकारी नोकरीतल्या बदलीने नागपूरहून भोपाळला आले. सासूबाईंचा जन्म इथेच गेला, पण त्यांच्या माहेरची एक गोष्ट काही सुटली नाही. तान्ह्या बाळाला चांगलं म्हणणं म्हणजे दृष्टीला आवतण. गुटगुटीत असेल तर म्हणायचं वाळकुडं, गोरं असेल तर काळुंद्रं. माझ्या नवऱ्याला त्या लहानपणी माकडतोंड्या म्हणत. त्यात दृष्टीची भीती किती आणि निरीक्षण किती, हे मी अजून विचारलेलं नाही.

घरात हे खपलं असतं. पण आमच्या सरकारी हॉस्पिटलात तेव्हा नवी पद्धत सुरू झाली होती. पूर्वी अशा नाजूक बाळांच्या वॉर्डात नातेवाइकांना दारातूनच हाकलत. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं की बाळं फार आणि सिस्टर थोड्या, तेव्हा आईच्या जोडीला घरची एक बाई आत घ्यायची आणि तिला सगळं शिकवायचं. कोपरापर्यंत हात धुवायचे, बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची, चमच्याने थेंब थेंब दूध पाजायचं, तळपाय गरम आहेत का बघायचे. आणि सिस्टर आली की तिला नीट सांगायचं. बाळात काही बिघडलं तर ते घरच्या बाईला आधी कळतं, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं होतं.

सासूबाई या शाळेत पहिल्या आल्या. बांगड्या उतरवताना कुरकुरल्या, पण नंतर हात असे घासायच्या की जणू करपलेली कढई. एरवी बिट्टन मार्केटात मेथीच्या एका जुडीसाठी सगळा बाजार पालथा घालणारी ही बाई बाळाला छातीशी घेतलं की तासन्‌तास हलायची नाही. घोटाळा व्हायचा तो सांगायची वेळ आली की.

"अम्मा, दूध पिया?"

"कहाँ पीता है. मरियल है बिलकुल."

हातातली वाटी चाटूनपुसून रिकामी.

पहिल्यांदा डॉक्टरांनी यावर विश्वास ठेवला. बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्त घेतलं, नाकातून दुधाची नळी परत घालायची बोलणी सुरू झाली. बाळ किंचाळलं आणि त्याच्याहून जोरात मी. सगळं दूध त्याने संपवलंय, सासूबाई दृष्टीला घाबरून खोटं सांगतात, हे मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. डॉक्टरांनी सासूबाईंना शांतपणे समजावलं. सासूबाईंनी शांतपणे मान डोलावली आणि पुढच्या वेळी पुन्हा "कहाँ पीता है."

"आई, हॉस्पिटलात तरी खरं सांगा," मी म्हटलं.

"तू तुझ्या कोचिंगमधल्या पोरांना शिकव. चार माणसांत मी त्याला चांगलं म्हणणार नाही, सांगून ठेवते."

मी महाराणा प्रताप नगरात फिजिक्स शिकवते. तिथली पोरं बरी, निदान मान डोलावून तेच चुकीचं उत्तर पुन्हा देत नाहीत.

आमची सिस्टर खमकी होती. तिने तोड काढली. अम्मा जे म्हणतील त्याच्या उलट धरायचं. नहीं पिया म्हणजे संपवलं, मरियल म्हणजे मजेत. आमच्या खाटेपाशी ती आली की आजूबाजूच्या बायका कान टवकारायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. हसताना माझे सिझेरियनचे टाके दुखायचे, पण मीही हसायचे. बाळाचं वजन वाढत होतं. आता लवकरच बाग सेवनियाला, आपल्या घरी जायचं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अशात एका दुपारी मी टाके दाखवायला खाली गेले. मागे काय झालं ते शेजारच्या खाटेवरच्या बाईने नंतर सांगितलं. सिस्टरने नेहमीसारखं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "नहीं पी रहा." सिस्टर हसली, "मतलब पूरा पी गया," म्हणत पुढच्या खाटेकडे वळली. सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "सच में नहीं पी रहा." आता तर सगळा वॉर्डच हसला.

मी दारात पोचले तेव्हा आतून सासूबाईंचा आवाज आला. इतका मोठा आवाज त्यांनी त्या वॉर्डात कधी काढला नव्हता.

"सिस्टर, सुनो. मेरा पोता बहुत सुंदर है. बहुत तगड़ा है. कल तक एक बूँद नहीं छोड़ता था, मैं ही झूठ बोलती थी. आज मुँह नहीं खोल रहा. पाँव ठंडे हैं."

हसणं थांबलं. मी चौकटीला धरून उभी राहिले. बाळाला काहीतरी भयंकर झालंय हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही. सासूबाई भर वॉर्डात त्याचं कौतुक करत होत्या.

सिस्टर धावली, डॉक्टर आले. रक्तात जंतू शिरायला लागले होते. अगदी वेळेवर कळलं म्हणून इंजेक्शनं लागू पडली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते दिवस मी देवाशी भांडत काढले, त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

मग एका सकाळी त्याने वाटी संपवली. सिस्टरने विचारलं, आणि या वेळी ती हसत नव्हती.

"पूरा पिया," सासूबाई म्हणाल्या, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

सिस्टर पुढे गेल्यावर त्यांनी बाळाला पदराखाली घेतलं, डोळे मिटले आणि पुटपुटल्या, "देवा, ते सिस्टरला सांगितलं. तू ऐकू नकोस."