दोनदा लावलेली दुरुस्ती

सरांनी वही माझ्या तोंडावर फेकून मारली. जाड पुठ्ठ्याची वही. ओठ फुटला, रक्त ओढणीवर गळालं. खोलीत चौघं बसले हुते. एकानंही मान वर केली न्हाई.

"राखीव जागेवरून आलीस आणि मला फिजिक्स शिकवतेस?"

मी पारनेरकडची. बाप सुप्याच्या कंपनीत हेल्पर. मी नगरच्या कॉलेजात पीएचडीला, सर माझे गाइड. परदेशात मोठ्या मशीनमधे प्रोटॉनवर प्रोटॉन आपटतात. लई जोरात. त्यातनं कणांचे झोत उडतात, त्यांना जेट म्हनतात. तिथनं आलेली माहिती घेऊन ते झोत किती, केवढ्या जोराचे, हे मी मोजते. मोजताना थोडी ऊर्जा निसटून जाते, म्हनून दुरुस्ती लावायची. एकदाच. आमच्याकडं फाइल दुरुस्त होऊनच आली हुती. सरांच्या भाच्यानं परत लावली. झालं! झोत फुगले, आलेख वर चढला, आन् सर नाचाय लागले. नवं सापडलं म्हनं! शोधाच्या पेपरवर नावं मामा-भाच्याची. मोजनी माझी.

दुरुस्ती दोनदा लागलीय. एवढंच मी म्हनले हुते.

"बाहेर बोललीस तर थिसिसवर सही विसरायची," सर म्हनले.

मी गप बसले. आठवडाभर. सांगायची आजपन लाज वाटते. त्या सहीशिवाय माझी सगळी वर्षं मातीत जानार हुती.

मग सेमिनार. पुण्याचे पाहुणे आले. भाचा स्टेजवर, माझ्या हातात चहाचा ट्रे. एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "दुरुस्ती कुठल्या टप्प्यावर लावली?" भाचा मामाकडं बघाय लागला. सर हसले. "आधी चहा घेऊ." आन् माझ्याकडं बघून चुटकी वाजवली. कुत्र्याला वाजवतात तशी.

डोकं सणकलं. ट्रे आपटला. कप फुटले, चहा सरांच्या बुटांवर.

"दोनदा लावलीय! मी सांगितलं तर ह्यांनी माझं तोंड फोडलं!"

सरांनी दंड पिरगळला. दाराकडं फरफटत नेलं. आईवरनं शिवी दिली, मग जातीवरनं. समद्यांसमोर. मी त्यांच्या हाताला कडकडून चावले. तवा कुठं हात सुटला.

तशीच पोलिस ठाण्यात गेले. ॲट्रॉसिटीची फिर्याद दिली. बाप कंपनीच्या कपड्यातच धावत आला.

तिसऱ्या दिवशी सर आमच्या घरी. थिसिसचा कागद हातात, सही करून आनलेला.

"मिटवून टाकू. केस मागे घे, हा घे."

बाप म्हनला, "पोरी, शिकली तू हायेस. तुजं तू ठरव."

लई मोह झाला. खोटं कशाला बोलू? मी कागद घेतला. सरांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"हा ठाण्यात देते," मी म्हनले. "फिर्यादीला काय आमिष दाखवलं, त्याचा पुरावा हाय."

तवा सरांचं हसू उतरलं.

कागद जमा केला. चूक कुठं झाली ते पेपर छापनाऱ्यांना लिवून कळवलं, खाली माझं नाव. आता दुसरा गाइड मिळंल न मिळंल. पीएचडी बुडाली तर बुडू दे. केस मागं घेनार न्हाई. कोर्टाच्या दर तारखेला मी उभी असनार हाय, आन् ती शिवी जशीच्या तशी, मोठ्यानं सांगनार हाय.